इजांची नोंदवही बंद करू नका : आरोग्य संशोधन निधी समितीस खुले पत्र

सन्माननीय अध्यक्ष आणि सदस्य,
स. न. वि. वि.

इजा-नोंदवहीचा निधी पुढच्या आर्थिक वर्षापासून थांबवत असल्याचं आपलं पत्र मिळालं. कारणं तीन दिली आहेत. हे काम 'निव्वळ वर्णनात्मक' असून त्यातून नवं ज्ञान निघत नाही. अशी माहिती रुग्णालयांच्या दप्तरात असतेच. आणि अपघात टाळायचे तर जनजागृती अधिक फलदायी, म्हणून हा पैसा सुरक्षितता सप्ताहाकडे वळवण्यात येत आहे.

तिन्ही कारणं मला पटलेली नाहीत. रीतसर उत्तर मी समितीकडे पाठवलं आहेच. तरी हे पत्र उघडपणे लिहिते आहे, कारण ज्यांच्या इजांनी ही नोंदवही भरली त्यांना ती बंद होत असल्याचं कुणीही कळवणार नाही.

माझा हितसंबंध आधीच सांगून टाकते. माझं संशोधन या नोंदवहीवर उभं आहे आणि माझ्या सहकाऱ्यांचे पगार तिच्याच निधीतून होतात, तेव्हा मी तटस्थ असल्याचा आव आणत नाही. संशोधनाकडे वळण्याआधी मी कॅज्युअल्टीत काम करायचे. तिथे काही काळ काढलेल्या कुणालाही विचारा, इजा हजार तऱ्हेच्या दिसतात, पण त्या घडण्याच्या तऱ्हा मोजक्याच असतात. त्याच वयाचं मूल, तशीच भाजलेली छाती, बऱ्याचदा दिवसाची तीच वेळ. आपण टाके घालतो, प्लास्टर करतो, पुढचा पेशंट घेतो आणि तो पुढचाही तसाच असतो. याचं उत्तर ऑपरेशन थिएटरात नाही हे एकदा लक्षात आलं की मग स्वस्थ बसवत नाही. मी या विषयात आले ती त्या अस्वस्थतेतून.

वाचकांसाठी थोडं स्पष्टीकरण. कॅज्युअल्टीत येणाऱ्या प्रत्येक जखमी माणसाबद्दल आम्ही आठ गोष्टी टिपतो: ओळख क्रमांक, वय, लिंग, इजा कुठल्या ठिकाणी झाली, त्या वेळी माणूस काय करत होता, इजा कशाने झाली, ती आपोआप झाली की कुणी केली की स्वतःच करून घेतली, आणि शरीराला नेमकं काय झालं. ही यादी आमच्या डोक्यातून निघालेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये इजांच्या नोंदीसाठी जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात किमान एवढं तरी लिहा म्हणून हेच सांगितलं आहे. यातल्या पहिल्या तीन आणि शेवटची मिळून चार गोष्टी केसपेपरवर असतात. मधल्या चार बहुधा नसतात. नोंदवही आहे ती या मधल्या चारांसाठी.

म्हणूनच 'माहिती दप्तरात असतेच' हे आपलं वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. ते लिहिणाऱ्याने अलीकडे एखादं डिस्चार्ज कार्ड वाचलं असेल असं वाटत नाही. मांडीचं हाड मोडलेल्या पेशंटचं कार्ड घ्या. हाड नेमकं कुठे मोडलं, प्लेट किती छिद्रांची बसवली, स्क्रू किती, भूल कोणती दिली, अँटिबायोटिक किती दिवस, सगळं नीट लिहिलेलं असतं. कारणाच्या जागी मात्र एवढंच: 'पडून'. कुठून पडला? जिन्यावरून, शिडीवरून, पलंगावरून, की चालता चालता? खाली काय होतं? उजेड होता का? रकाना मुका.

पुढे हे कार्ड कोडिंगला जातं, म्हणजे लिहिलेल्या प्रत्येक इजेला ठरावीक अक्षर-आकड्यांची खूण दिली जाते. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत काय मोडलं याचे कोड एस आणि टी या अक्षरांनी सुरू होतात. ते कशाने मोडलं याचे कोड व्ही ०१ ते वाय ९८ अशा स्वतंत्र प्रकरणात आहेत. ते प्रकरण बारकाव्यांनी भरलेलं आहे. जिन्यावरून पडणं वेगळं, शिडीवरून वेगळं, इमारतीवरून वेगळं. पण 'पडून' एवढ्याच शब्दाला कोडर बिचारा काय कोड देणार? तो डब्ल्यू १९ टाकतो, म्हणजे 'पडणे, तपशील नाही'. तेवढंही लिहिलेलं नसेल तर एक्स ५९, 'कारण अनिर्दिष्ट'. एका अडगळीच्या खोलीत सगळं कोंबावं तशा उत्तर सापडण्याजोग्या कितीतरी इजा या दोन कोडांत जाऊन पडतात, आणि वर्षाअखेरीस त्यांचाच तक्ता छापला जातो. घोडं पेंड खातं ते इथे.

आमच्या कामातलं एक उदाहरण देते. बाल्कनीतून पडलेलं एक लहान मूल आलं. केसपेपरवर नेहमीप्रमाणे 'उंचीवरून पडून'. आमच्या नोंदणी करणाऱ्या ताईंनी आईजवळ बसून तिचं रडं ओसरू दिलं आणि मग विचारलं, "तो वर चढला कसा? पाय कशावर ठेवला?" आई म्हणाली, कठड्याच्या पट्ट्यांवर. ताईंनी कागदावर कठडा काढून दाखवायला सांगितला. तिने काढला तो आडव्या पट्ट्यांचा. नंतर आलेल्या दुसऱ्या मुलाच्या वडिलांनीही आडव्या पट्ट्याच काढल्या, आणि पत्ता निघाला त्याच इमारतींच्या समूहातला. मग आणखी एक. तीन-चार वर्षांच्या मुलाला आडव्या पट्ट्यांचा कठडा म्हणजे चढायला तयार शिडीच. उभे गज असतील आणि त्यांच्यातलं अंतर दहा सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर पाय ठेवायला जागा नाही, डोकं बाहेर काढायलाही फट नाही. नोंदीतला उतारा, अर्थातच नावं वगळून, आम्ही इमारतींच्या मालकांकडे पाठवला. खळखळ झाली, पण कठडे बदलले. त्या पत्त्यांवरून बाल्कनीतून पडलेलं मूल त्यानंतर आमच्या नोंदवहीत आलेलं नाही. दप्तरात ही तिन्ही मुलं 'उंचीवरून पडून' एवढीच आहेत, आणि त्या दप्तरातून हा कठडा कुणालाही, कधीही सापडला नसता.

आता 'वर्णनात्मक' या शेऱ्याबद्दल. प्रयोगशाळा नाही, रेणू नाही, जनुक नाही, म्हणजे विज्ञान कमी प्रतीचं असा काहीसा सूर त्यात आहे. पण या विषयाचा पायाच अशा वर्णनाने घातला गेला. १९४२ साली ह्यू डी हेवन यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. पन्नास ते दीडशे फुटांवरून पडूनही जगलेल्या मोजक्या माणसांचा त्यात अभ्यास होता. कोण किती उंचीवरून पडलं, अंगाची कुठली बाजू आधी टेकली, कशावर आदळलं, आणि ती वस्तू किती इंच दबली. डी हेवन डॉक्टर नव्हते. १९१७ मध्ये वैमानिकाचं प्रशिक्षण घेताना ते एका विमान अपघातातून वाचले होते, आणि आपल्या पोटाच्या आतल्या जखमा सुरक्षा पट्ट्याच्या बकलाने केल्या हा विचार त्यांच्या डोक्यातून पुढे कधी गेला नाही. त्यांच्या लेखाचा निष्कर्ष असा की आघात मोठ्या पृष्ठभागावर आणि जरा जास्त अंतरावर वाटला गेला, तर शरीर आपण समजतो त्याच्या कितीतरी पट मार सोसतं. आज गाडीचा पुढचा भाग मुद्दाम दबेल असा बनवतात, पट्टा रुंद असतो, समोर एअरबॅग असते, ते याच तत्त्वावर. हा लेख आपल्या समितीपुढे आला असता तर त्यावरही 'वर्णनात्मक, नमुना लहान' असा शेरा बसला असता, यात मला शंका नाही.

पुढे १९६१ मध्ये मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन यांनी मांडलं की इजा करणारी गोष्ट ऊर्जा असते: गतीची, उष्णतेची, विजेची, रसायनाची. विल्यम हॅडन या डॉक्टरांनी ते सूत्र धरून सगळ्या विषयाची मांडणी केली. १९६६ मध्ये अमेरिकेने महामार्ग सुरक्षेसाठी नवी संस्था काढली तेव्हा तिचे पहिले प्रमुख हेच. त्यांचा तक्ता आजही आमच्या पहिल्या तासाला फळ्यावर असतो. उभ्या दिशेने तीन टप्पे: घटनेआधी, घटना घडताना, घटनेनंतर. आडव्या दिशेने माणूस, वाहन किंवा वस्तू, आणि परिसर. एकूण नऊ घरं. प्रत्येक घरात विचारायचं, इथे काय बदलता येईल? आपला सुरक्षितता सप्ताह, त्यातली पोस्टरं, घोषणा, शपथा, निबंधस्पर्धा धरून, या नऊपैकी एकाच घरात बसतो: 'घटनेआधी, माणूस'. उरलेल्या आठ घरांसाठी समितीने यंदा काहीच ठेवलेलं नाही.

जागृतीला माझा विरोध आहे असं कृपया समजू नका. फक्त तिच्याकडून होत नाही ते तिच्या नावावर मांडू नका. शाळेत वाहन चालवण्याचं शिक्षण दिल्याने अपघात कमी होतात का, हे तपासणारा कॉक्रेन आढावा, म्हणजे एका प्रश्नावरचे उपलब्ध अभ्यास एकत्र तपासणारा आढावा, २००१ मध्ये निघाला. अपघात कमी झाल्याचा पुरावा त्यात मिळाला नाही. उलट मुलं लवकर परवाना काढतात आणि लवकर रस्त्यावर येतात, असं दिसलं. हेतू चांगला होता, पण हेतूने हाडं वाचत नाहीत.

याच्या शेजारी नळाचं गरम पाणी ठेवून बघा. मोरिट्झ आणि हेन्रिक्स या संशोधकांनी १९४७ मध्ये त्वचा किती तापमानाला किती वेळात भाजते हे मोजलं. साठ अंश सेल्सिअसच्या पाण्याने मोठ्या माणसाची त्वचा पूर्ण खोलीपर्यंत भाजायला सुमारे पाच सेकंद पुरतात. तेच पाणी एकोणपन्नास अंशांवर आणलं तर काही मिनिटं लागतात. मुलाची त्वचा पातळ, त्याला त्याहून कमी वेळ लागतो. आता आईबापांना कितीही वेळा 'लक्ष ठेवा' म्हणा, पाच सेकंदांत दारावरची घंटा वाजली म्हणून मागे वळून बघणंसुद्धा पुरं होत नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने १९८३ मध्ये कायदा केला की नवे वॉटर हीटर एकोणपन्नास अंशांवरच लावून द्यायचे. आईबाप होते तेवढेच दक्ष आणि तेवढेच दमलेले राहिले, तरी नळाच्या पाण्याने भाजलेली मुलं रुग्णालयात येण्याचं प्रमाण घटलं. आणि हा बदल नळासाठी करायचा की चुलीवरच्या भांड्यासाठी, हे कळायला 'गरम पाण्याने भाजले' याच्या पुढचा तपशील कुणीतरी विचारून लिहावा लागतो.

न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य विभागाने १९७२ मध्ये खिडकीतून पडणाऱ्या मुलांसाठी कार्यक्रम सुरू केला, त्यातही पहिली पायरी नोंदीची होती. रुग्णालयांनी आणि पोलिसांनी प्रत्येक पडण्याची खबर द्यायची. मग कर्मचारी घरी जाऊन बोलायचे आणि धोक्याच्या वस्त्यांत खिडक्यांचे गज फुकट द्यायचे. जागृती होतीच, पण सोबत गज होते. मुलांचं पडणं कमी झालेलं दिसलं आणि १९७६ मध्ये लहान मुलं राहत असलेल्या घरांना गज बसवणं मालकांवर बंधनकारक झालं. श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली. तिथला आत्महत्येचा दर १९९५ मध्ये शिखरावर होता, पुढच्या वीस वर्षांत तो सुमारे सत्तर टक्क्यांनी उतरला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने त्यातून ९३,००० जीव वाचले. कोणती रसायनं सर्वाधिक जीव घेतात हे कुणीतरी रुग्णालयांत बसून टिपलं नसतं, तर बंदी घालायची कशावर?

'हा विषय आरोग्याचा कमी आणि इतर खात्यांचा जास्त' असंही बैठकीत बोललं गेल्याचं ऐकते. हे ऐकायची आता सवय झाली आहे. रस्ते म्हणजे वाहतूक खातं, कठडे म्हणजे बांधकाम खातं, कारखाना म्हणजे कामगार खातं. जखमी माणूस मात्र दर वेळी आमच्याच दारात. जगात दरवर्षी सुमारे ४४ लाख माणसं इजा आणि हिंसेने मरतात, म्हणजे एकूण मृत्यूंच्या आठ टक्क्यांच्या आसपास. पाच ते एकोणतीस या वयात मृत्यूचं पहिलं कारण रस्ते अपघात आहे. एवढा मोठा आकडा एखाद्या जंतूच्या नावावर असता, तर खात्यांची टोलवाटोलवी झाली नसती.

एका बाबतीत समितीने बोट ठेवायला हवं होतं, ते ठेवलं नाही, म्हणून मीच सांगते. रुग्णालयावर आधारलेल्या नोंदवहीत रुग्णालयापर्यंत पोचलेलेच येतात. जे जागीच गेले ते नाहीत, आणि बुडालेली मुलं तर बहुतेक येतच नाहीत. किरकोळ समजून घरी राहिलेलेही निसटतात. ही मर्यादा खरी आहे. तिच्यावरचा उपाय म्हणजे मृत्यूनोंदीशी जोड. तो प्रस्ताव आम्ही दिला होता. तोही आता याच निर्णयात बुडाला.

शेवटची तक्रार निर्णयाच्या पद्धतीबद्दल आणि वेळेबद्दल. समितीत इजांवर काम करणारं कुणी नाही. ना ट्रॉमा सर्जन, ना कॅज्युअल्टीतली सिस्टर, ना अभियंता. आमचं म्हणणं ऐकायला एकदाही बोलावलं नाही. आणि वेळ अशी निवडली की पुढच्या वर्षी वस्त्यांमधली वेगमर्यादा खाली येते आहे. सरासरी वेग एक टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो, म्हणजे वेग उतरल्याचा फायदा मोठा असणार. पण तो झाला का, किती, पादचाऱ्यांना की दुचाकीस्वारांना, हे सांगायला आधीची आणि नंतरची नोंद एकाच पद्धतीची लागते. मधलं वर्ष कोरं राहिलं तर ते नंतर कितीही पैसा ओतून भरता येत नाही. मग मर्यादेला विरोध करणारे विचारतील, 'पुरावा कुठे आहे?', आणि आम्ही मान खाली घालू.

निधी तुटला की काय होतं याचं उदाहरण समोर आहे. १९९६ मध्ये अमेरिकेच्या संसदेने तिथल्या रोगनियंत्रण केंद्राच्या इजा विभागाचे २६ लाख डॉलर काढून घेतले. बंदुकीच्या इजांवरच्या संशोधनावर विभाग खर्च करत होता तेवढीच ती रक्कम. त्या विषयासाठी सरकारी निधी नव्याने मंजूर व्हायला २०१९ चा डिसेंबर उजाडला. तोवर संशोधकांची एक पिढी दुसऱ्या विषयांकडे निघून गेली होती. आमच्याकडेही ताई आणि त्यांचे सहकारी कंत्राटावर आहेत. जखमी मुलाच्या आईला कठडा काढून दाखवायला सांगण्याचं कसब जाहिरात देऊन महिन्याभरात मिळत नसतं.

तेव्हा मागण्या स्पष्ट लिहिते.

नोंदवही बंद करण्याच्या निर्णयाला स्थगिती द्यावी आणि फेरविचार होईपर्यंत नोंदणी कर्मचाऱ्यांची पदं चालू ठेवावीत.

निर्णयामागचे रिव्ह्यूअरचे शेरे, नावं वगळून, जाहीर करावेत, आणि फेरविचाराच्या बैठकीत आम्हाला बाजू मांडू द्यावी. त्या बैठकीत इजांवर काम करणारी किमान दोन माणसं मत देण्याच्या अधिकारासह असावीत.

आपल्या निधीवर चालणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने इजेच्या केसपेपरवर ठिकाण, कृती, कारण आणि हेतू हे चार रकाने भरणं सक्तीचं करावं. डब्ल्यू १९ आणि एक्स ५९ या कोडांचं प्रमाण किती, हे प्रत्येक रुग्णालयाने दरवर्षी प्रसिद्ध करावं. तेवढ्या एका आकड्याने दप्तराची खरी अवस्था उघडी पडेल.

नोंदवहीची मृत्यूनोंदीशी जोड मंजूर करावी, आणि नावं-पत्ते काढलेली माहिती रस्ते, इमारती आणि यंत्रं बनवणाऱ्यांना मागताक्षणी मिळावी.

सुरक्षितता सप्ताह जरूर करावा. फक्त त्याच्या निधीचा एक हिस्सा त्याचं मोजमाप करण्यासाठी राखून ठेवावा. सप्ताहाआधी आणि नंतर कोणत्या इजा किती, एवढंच मोजायचं आहे. ते मोजायला कोणती नोंदवही लागेल हे समितीने ठरवावं.

चालू निधी आर्थिक वर्षाच्या अखेरीस संपतो. कर्मचाऱ्यांना त्याआधी एक महिना नोटीस द्यावी लागेल, म्हणून समितीचं लेखी उत्तर त्यापूर्वी यावं अशी विनंती आहे. फेरविचाराच्या बैठकीला मी मूळ नोंदी, नावं झाकून, सोबत आणीन. सदस्यांनी त्यातलं कुठलंही पान उघडावं आणि त्याच पेशंटचं डिस्चार्ज कार्ड शेजारी ठेवून वाचावं.

आपली विश्वासू,
इजा-प्रतिबंधावर काम करणारी एक डॉक्टर